आवृत्ती ६.१, मुक्काम जबलपूर

२०१४ च्या मे महिन्यात आमच्या घरातून एकाच आठवड्यात दोन गोष्टी गेल्या. कूलरची मोटर आणि विंडोज एक्सपी. मोटर गोलबाजारातल्या मिस्त्रीने वाइंडिंग करून परत दिली. एक्सपी गेली ती गेलीच.

खरं म्हणजे ती गेली नाही, घालवली. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीची जबाबदारी सोडली, ही बातमी मी पेपरात वाचली होती आणि पान उलटलं होतं. ज्यांनी सोडली त्यांनी सोडली, आम्ही कुठे सोडली होती? पण सुट्टीत भाचा आला. तो हिंजवडीला कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो. दुपारी आमरस झाला, वामकुक्षी झाली आणि चहा होईपर्यंत हाताला काम म्हणून त्याने आमचं मशीन चालू केलं. पडद्यावर ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ बघताच त्याचा चेहरा पडला.

"मामा, अजून एक्सपी? अहो, कोणीही आत घुसेल."

"घुसून काय नेणार? बारा वर्षांच्या गणेशोत्सव स्मरणिका?"

त्याने उत्तर दिलं नाही. बॅगेतून एक डीव्हीडी काढली. एक्सपीवरून विंडोज सेव्हनवर थेट उडी मारता येत नाही, घर रिकामं करून नव्यानेच बिऱ्हाड मांडावं लागतं, हे त्याने मला समजावून सांगितलं. जुनं सामान मात्र फेकलं जात नाही. ते 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवतात.

"म्हणजे माळा," ही आतून म्हणाली.

एवढी अचूक व्याख्या हिंजवडीतही कोणी केली नसेल. भाच्याने स्मरणिकांच्या फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्या, मराठी टायपिंगच्या आमच्या जुन्या प्रोग्रॅमची सीडी डब्यातून शोधून तो पुन्हा बसवला, 'चालून जाईल' असं म्हणाला आणि रात्रीच्या गाडीने इटारसीमार्गे पुण्याला निघून गेला. गाडी हलताना म्हणाला, "मामा, काही अडलं तर फोन करा." अडणार नाही याची ज्याला खात्री असते तो असं म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या वर्षाच्या स्मरणिकेची फाइल उघडली. पहिल्या पानावर 'श्री गणेशाय नमः' असायला हवं होतं. तिथे दोन डॉलर, एक टक्का, डोक्यावर टोपी घातलेला इंग्रजी ए आणि एक पालथं पडलेलं प्रश्नचिन्ह असा समुदाय बसला होता. अध्यक्षांचं मनोगत तर सगळं टोपीवाल्यांनीच भरलं होतं. २२ मे १९९७ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर या शहरात भूकंप झाला तेव्हा अख्खं गाव बनियनवर रस्त्यात उभं होतं. तरी मदनमहालजवळचा बॅलन्सिंग रॉक, जो नुसता बघितला तरी पडेलसा वाटतो, तो जागचा हलला नव्हता. आणि इथे एक डीव्हीडी काय घातली, साक्षात गणपतीच्या जागी डॉलर.

ज्यांनी मराठी थेट युनिकोडमध्येच लिहायला सुरुवात केली त्यांना हा प्रकार कळायचा नाही. तेव्हाच्या मराठी फॉन्टची गंमत अशी होती की कॉम्प्युटरला शेवटपर्यंत वाटत राहायचं, हा माणूस इंग्रजी लिहितो आहे. आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणा, वरून चेहरा मराठी. बहुरूपी दारात मारुती होऊन येतो ना, तसं. शेपूट खरं वाटायचं, गदा खरी वाटायची. फॉन्ट निघाला की आतला माणूस उघडा. युनिकोडमध्ये देवनागरीला तिची स्वतःची १२८ घरं मिळाली आहेत, तिथे क हा क म्हणूनच राहतो. पण आमची बारा वर्षं बहुरूप्याच्या संसारात गेली होती. आणि आमचे फॉन्ट त्या प्रोग्रॅमच्या कुलपात होते. प्रोग्रॅम नीट उठला तरच ते उठणार.

मी कंपनीला फोन लावला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण फोनवरची मुलगी गोड होती.

"सर, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एक डीएलएल फाइल असेल. तिचं व्हर्जन काय आहे? ४ किंवा पुढचं असेल तर सेव्हनवर चालेल."

"थांबा, पाहून राहिलो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "कोणाकडे राहिलात, सर?"

"कोणाकडे नाही. फाइल पाहून राहिलो."

"अच्छा, पाहताय. सर, तुम्ही नागपूरचे का?"

नागपूरचा नाही, हे मी तिला सांगितलं नाही, कारण ते सांगायला १८१७ पासून सुरुवात करावी लागते आणि फोनचे पैसे माझे होते. तुम्ही फोनवर नाही, म्हणून सांगतो. त्या साली इंग्रजांनी घेईपर्यंत जबलपूरवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. इंग्रजांनी पहिलं काम काय केलं, तर गावाच्या नावाचं स्पेलिंग जे, यू, दोन बी असं काहीतरी करून टाकलं, ते वाचताना तोंडात गुलाबजाम आहे असं वाटतं. १८६१ ला मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. म्हणजे नागपूर आणि जबलपूर एका घरातले चुलतभाऊ. नोकरीसाठी, वकिलीसाठी, कारखान्यासाठी तिकडून इकडे येणं म्हणजे वरच्या आळीतून खालच्या आळीत येणं होतं. मग १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार वाटण्या झाल्या. विदर्भ मुंबई राज्यात गेला, भोपाळ राजधानी झालं, उच्च न्यायालय जबलपूरला मिळालं आणि आमची माणसं इथेच राहिली. माझी आजी तुळशीपलीकडे क्वचितच गेली असेल, पण तेवढ्यात ती मध्य प्रांत व वऱ्हाड, जुना मध्य प्रदेश आणि नवा मध्य प्रदेश अशा तीन राज्यांत नांदून झाली. घर तेच, चूल तीच. फक्त वरची सिस्टीम बदलत गेली.

या अपग्रेडांत आमच्या मराठीचं काय झालं ते कोणी तपासलं नाही. आम्ही बटाट्याला आलू म्हणतो, शेंगदाण्याला फल्लीदाणे म्हणतो, कामं करत नाही तर करून राहतो. पुण्याची भाची एकदा आठ दिवस आली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मामा, तुमच्या मराठीत हिंदी फार आहे." मी म्हटलं, बरोबर. पाचव्या दिवशी म्हणाली, "पण तुम्ही 'वामकुक्षी' आणि 'जिन्नस' असले शब्द रोज वापरता, ते आमच्याकडे कोणी बोलत नाही." म्हणजे एकाच माणसाच्या तोंडात निम्मं व्हर्जन फार नवं आणि निम्मं फार जुनं. असा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर असता तर पहिल्याच दिवशी कोसळला असता. आमचा चालून राहिला आहे.

हिंदीतले व्यंगलेखक हरिशंकर परसाई याच गावात बसून लिहीत. त्या गावात बसून विनोदी लेख लिहायचा म्हणजे भेडाघाटला धुवांधार धबधब्यासमोर उभं राहून पिचकारी मारण्यासारखं आहे. तरीही.

तर व्हर्जन. एक्सपीत हे काम माझी बोटं डोळे मिटून करायची. फाइलवर उजवं बटण, सगळ्यात खाली प्रॉपर्टीज, वरची दुसरी पट्टी 'व्हर्जन'. डाव्या चौकटीत नावं, उजव्या चौकटीत उत्तरं. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीसारखं, पण उत्तर देणारं. मी उजवं बटण दाबलं, प्रॉपर्टीज उघडलं. पट्ट्या होत्या चार. जनरल, सिक्युरिटी, डिटेल्स आणि प्रीव्हियस व्हर्जन्स.

व्हर्जन नव्हतं.

चौथ्या पट्टीवर 'व्हर्जन्स' हा शब्द होता, अनेकवचनी का होईना. मी आनंदाने तिच्यावर टिचकी मारली. थोडा वेळ शोधल्यासारखं करून आतून उत्तर आलं की मागची कोणतीही व्हर्जन्स उपलब्ध नाहीत.

"सर, मिळालं?"

"मागचं कोणतंच व्हर्जन नाही म्हणतो."

"मागचं नको सर, आत्ताचं."

"आत्ताचं विचारायची सोयच ठेवलेली नाही."

तेवढ्यात लाइट गेली. मुलगी भली होती. लाइट जाण्याआधीच तिने सांगून ठेवलं होतं की ती ६ वाजेपर्यंत आहे.

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर एवढ्याशा आकड्यासाठी हा माणूस का तळमळतो आहे असं तुम्हाला वाटेल. माझे वडील १९०४ सालच्या गन कॅरिज फॅक्टरीत होते आणि मी व्हेइकल फॅक्टरीत. शक्तिमान ट्रक आठवतो? टीव्हीवरचा गोल फिरणारा नव्हे, त्याच्या आधीचा, फौजेचा. त्याच्या नावातला 'मॅन' हा एमएएन या जर्मन कंपनीचा. त्या ट्रकच्या नकाशांत माझी उमेद गेली. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. बदल क्रमांक, तारीख, काय बदललं, सही. एखाद्या ब्रॅकेटचं भोक ३ मिलिमीटर डावीकडे सरकलं, तर त्या चौकटीत एक ओळ वाढते. ती ओळ न बघता जो माल काढतो त्याचा ब्रॅकेट बसत नाही, मग तो हातोडी मागतो, आणि हातोडी मागणाऱ्या माणसाबद्दल माझे वरिष्ठ काय बोलत ते इथे छापता येणार नाही. कोपऱ्यात नोंद नसेल तर तो नकाशा नाही, रांगोळी आहे, असं ते म्हणत. हे वाक्य छापता येतं.

तेव्हा ज्या विंडोजने व्हर्जनची चौकटच खरवडून टाकली, तिच्याकडे मी कोणत्या नजरेने बघत असेन ते समजून घ्या.

लाइट आल्यावर मी गल्लीच्या तोंडावरच्या कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं. जबलपुरात दोन तरुण बोलू लागले की दर दोन वाक्यांमागे एक 'बड्डे' येतो. बडे भाई झिजून झिजून तयार झालेला शब्द आहे हा. तो प्रेमाने, रागाने, उधारी मागताना, कशालाही चालतो. मी वयाने मोठा, म्हणून मला 'अंकल जी'. पोराने माउस हातात घेतला, चारही पट्ट्या दोनदा उलटसुलट बघितल्या आणि मित्राला फोन लावला.

"बड्डे, अंकल का वर्जन नहीं मिल रहा."

ही आतून हसली, ते मला ऐकू आलं.

मित्राच्या सांगण्यावरून त्याने काळा पडदा उघडून काहीतरी लांबलचक टाइप केलं. त्यावर विंडोजने चार ओळींत नाराजी व्यक्त केली. मग त्याने मशीन हळू चालतंय म्हणून 'डिस्क क्लीनअप' नावाचं झाडू मारायचं यंत्र चालवलं. त्याने काय काय झाडलं, ते मला रात्री कळलं. शेवटी पोर खोव्याची जिलेबी खाऊन उठला आणि जगातल्या सर्व दुखण्यांवर त्या धंद्यात जो एकच उपाय आहे तो त्याने सांगितला. "अंकल जी, फॉर्मेट मार देते हैं."

मी त्याला नमस्कार केला.

मग भाच्याला फोन. तो मीटिंगमध्ये होता. कुजबुजत म्हणाला, "मामा, आधी विनव्हर टाइप करा, सिस्टीम नीट बसलीये का बघू." मी टाइप केलं. एक ऐटबाज चौकट आली. वर मोठ्या अक्षरांत विंडोज ७. खाली बारीक अक्षरांत व्हर्जन ६.१, बिल्ड ७६०१.

"अरे, तू मला सेव्हन म्हणून ६.१ घातलंस?"

"मामा, सगळ्यांचं तेच असतं."

नंतर त्याने सवडीने समजावलं ते असं. फाइल असो की अख्खी विंडोज, व्हर्जन चार आकड्यांचं. पहिला घराण्याचा, दुसरा पातीचा, तिसरा बांधणीचा, चौथा डागडुजीचा. कोणताही आकडा ६५,५३५ च्या वर जात नाही, कारण तेवढीच जागा दिलेली आहे. एक्सपी ५.१, बांधणी २६००. मग व्हिस्टा ६.०. त्यानंतरची सेव्हन, तर तिला ७.० म्हणायला हवं होतं. पण जगभर असे कितीतरी प्रोग्रॅम पडलेले होते की जे उठल्या उठल्या पहिला आकडा बघायचे आणि ओळखीचा नसला की दार लावून घ्यायचे. त्यांना दचकवू नये म्हणून आत ६ च ठेवला आणि बाहेर ७ ची पाटी लावली.

हे मला लगेच पटलं. आमच्या वर्गात चाळीसपैकी निदान वीस जणांची जन्मतारीख १ जुलै आहे. शाळा १ जुलैला उघडायची. गुरुजींनी पोराच्या दंडाकडे बघितलं, दातांकडे बघितलं, सहा वर्षं मागे मोजली आणि १ जुलै लिहून टाकलं. आईला विचाराल तर ती सांगणार, पोळ्याच्या आदल्या दिवशी, धो धो पाऊस होता. बाहेर एक तारीख, आत एक तारीख, आणि पेन्शन बाहेरच्या तारखेवर. मायक्रोसॉफ्टला हे आमच्या गुरुजींनीच शिकवलं असावं.

पण फाइलचं व्हर्जन? भाच्याची मीटिंग पुन्हा सुरू झाली. घड्याळात सव्वापाच.

मी पुन्हा त्या फोल्डरकडे टक लावून बसलो. तेवढ्यात ही फडकं घेऊन आली. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी टेबल पुसायचं, हा आमच्या घरचा नियम कोणत्याही सिस्टीमवर चालतो. तिने माउस उचलला, खालची धूळ पुसली, माउस परत ठेवला. पडद्यावरचा बाण घरंगळत गेला आणि त्या डीएलएलवर जाऊन स्वस्थ बसला. कोणी टिचकी मारली नाही. कोणी उजवं बटण दाबलं नाही. दोन सेकंदांत बाणाच्या शेपटीला एक छोटीशी चौकट उगवली. वर्णन, कंपनी, तयार झाल्याची तारीख, आकार. आणि मधोमध, फाइल व्हर्जन.

"तीन, दोन, शून्य, चौदा," हिने वाचलं. "सकाळपासून हेच शोधून राहिले होते का तुम्ही?"

मी काय बोलणार. इतक्या वर्षांत मी फाइलवर बाण नेऊन नुसता थांबलो, असं कधी झालंच नव्हतं. नेला की दाबला.

साडेपाचला भाचा मोकळा झाला आणि तो ठासून सांगू लागला की व्हर्जनची पट्टी काही गेलेली नाही, 'डिटेल्स' नावाच्या पट्टीत विरघळली आहे. व्हिस्टापासूनच. मी म्हटलं, आमच्याकडे व्हिस्टा आलीच नाही. इथे फॅशनही एक सोडून एक येते. बेलबॉटम आली, मधलं काहीतरी चुकलं, एकदम जीन्स आली.

डिटेल्स उघडलं. आता सांगतो, ती पट्टी वाईट नाही. व्हर्जनचा जुना वाडा पाडून त्यांनी तिथे सोसायटी बांधली आहे एवढंच. माणसं बहुतेक तीच, दरवाजे बदलले. एकेक ओळ मी चष्मा पुसून वाचली. एका ओळीवर थांबलो. 'ओरिजिनल फाइलनेम.' फाइलचं मूळ नाव.

माझा विश्वास बसेना म्हणून मी प्रयोग केला. नोटपॅडची एक प्रत काढली आणि तिचं नाव ठेवलं पोपट. पोपटवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, डिटेल्स. वर पोपट. खाली ओरिजिनल फाइलनेमसमोर मुकाट्याने नोटपॅड. मी तिला गॅलरीत नेलं असतं, लॉकरमध्ये ठेवलं असतं, तरी ते पुसलं गेलं नसतं.

मी हिला हाक मारली आणि दाखवलं. आमच्या लग्नात भटजींनी ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने त्यावर हिचं नवं नाव लिहिलं. नाव माझ्या आत्याने सुचवलं होतं. हिला कोणी विचारलं नव्हतं, मलाही नाही. त्या दिवसापासून रेशनकार्डावर, मतदार यादीत, भिशीच्या वहीत तेच. मूळ नावाने तिला आता एकच माणूस हाक मारतो, भुसावळचा तिचा मोठा भाऊ, तेही एसटीडी स्वस्त झाल्यापासून जरा जास्त वेळा. तो फोन आला की ती बोलते ते मराठी वेगळं असतं. भरभर, खानदेशी वळणाचं, मला निम्मं कळत नाही.

ती पडद्याकडे थोडा वेळ बघत राहिली. "बरं झालं," म्हणाली, "कुठेतरी लिहून ठेवतात." आणि भाजी करपेल म्हणून आत गेली. मी पोपट पुसून टाकला.

पण डिटेल्समध्ये एक भानगड निघाली. तिथे दोन व्हर्जनं होती. फाइल व्हर्जन ३.२.०.१४ आणि त्याखाली, प्रॉडक्ट व्हर्जन ४.०. म्हणजे फाइल जुनी, पण ज्या मालाबरोबर ती विकली तो माल नवा. हे कारखान्यात आम्ही रोज बघितलेलं. नवा ट्रक, आतलं एखादं वायसर अजून मागच्याच बदल क्रमांकाचं, कारण ते चांगलं आहे, बदलायचं कशाला.

५ वाजून ५० मिनिटं. मुलीने ४ किंवा पुढचं मागितलं होतं. माझ्यासमोर एक ३ होता आणि एक ४ होता. कोणता सांगायचा?

४ सांगावा असं मला वाटलं, हे मी कबूल करतो. पण त्या चौकटीतली नोंद खोटी सांगायला हात धजेना. हाताला नकाशांची सवय.

"मॅडम, फाइल व्हर्जन ३.२.०.१४."

"अरेरे. मग सर, नवीन पॅकेज घ्यावं लागेल."

"आणि प्रॉडक्ट व्हर्जन ४ आहे, त्याचं काही?"

"नाही सर, आपण फाइल बघतो." मग थोडं थांबून, "सर, तुम्हाला व्हर्जन मिळालं कसं? सकाळपासून तीन जणांना ती पट्टी सापडली नाही."

मी सांगितलं, बाण ठेवून थांबायचं. दाबायचं नाही. ती म्हणाली, "हे मी लिहून घेते." आमच्या घरातल्या फडक्याचा तंत्रज्ञानाला झालेला हा उपयोग मी अजून कोणाला सांगितलेला नाही.

पॅकेजची किंमत ऐकल्यावर आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या कोषाध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. शेवटी त्या वर्षीची स्मरणिका आम्ही युनिकोडमध्ये मुळापासून टाइप केली, ६४ पानं, चार घरांत वाटून. ज्यांच्याकडे हिंदीची सवय होती त्यांनी 'ळ' कुठे आहे म्हणून तीन दिवस फोन केले. आमच्याकडे 'ळ'चं पहिल्यापासून कठीण. माझ्या आडनावात तो आहे आणि या शहरातल्या कागदपत्रांत मी तीन वेगळी माणसं आहे, 'ल'वाला, 'ड'वाला, आणि एका ठिकाणी जिथे 'ळ' असायला हवा तिथे चक्क मोकळी जागा सोडलेला. छापखान्यात शेवटचं प्रूफ आलं तेव्हा 'मंगळमूर्ती'चा मंगलमूर्ती झालेला होता. ते मात्र चालतं म्हणून सोडून दिलं.

रात्री मी माळ्यावर जाऊन बघितलं. म्हणजे विंडोज डॉट ओल्डमध्ये. फोल्डर नव्हतं. त्या पोराने झाडू मारला त्यात 'आधीची विंडोज' या नावापुढची खूणही त्याने तत्परतेने मारली होती. सात गीगाबाइट मोकळे झाल्याचं त्याने जाताना अभिमानाने सांगितलं होतं, मी जिलेबी आणायच्या गडबडीत ऐकलं नव्हतं.

आता अकरा वर्षं झाली. मधे सेव्हनलाही १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला, तिच्यानंतर बसवलेली टेनही १४ ऑक्टोबर २०२५ ला गेली. भाचा नवं मशीन देऊन गेला, विंडोज ११. मी आधी काळा पडदा उघडून 'व्हर' टाइप केलं. १०.०. बाहेर अकरा, आत दहा. गुरुजींचा विद्यार्थी. डिटेल्सची पट्टी जागेवर आहे, ते पहिल्याच दिवशी बघून घेतलं.

राहता राहिल्या त्या बारा स्मरणिका, २००२ ते २०१३. फाइली माझ्याकडे सुखरूप आहेत, डॉलर आणि टोप्यांसकट. अकरांच्या छापील प्रती निघाल्या. २००६ च्या मात्र गठ्ठ्यासकट पावसात भिजल्या, आणि त्या अंकात गावातल्या जुन्या मराठी घरांची माहिती होती, आजोबांच्या पिढीतल्या लोकांनी तोंडी सांगितलेली. सांगणाऱ्यांपैकी आता कोणी नाही. प्रोग्रॅमची सीडी आहे, सीरियल नंबर आहे, फक्त एक्सपी नाही. भाचा म्हणतो, व्हर्च्युअल मशीन करून देतो. तीन दिवाळ्या म्हणून राहिला आहे.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या घरी, दुकानात, माळ्यावर एक्सपीचा चालू डबा असेल, तर तो भंगारात द्यायच्या आधी या अंकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक ओळ टाका. न्यायला मी स्वतः येईन. माउस नसला तरी चालेल, आमच्याकडे आहे.